अझोल्याच्या खोलीतले आबा

आबांनी जन्मभर लिलाव पुकारले होते. जुनी कपाटं, बुडालेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, कुणा मेलेल्या माणसाचे चष्मे, असं जे जे कुणालाच नको असतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधायचं, आणि तेही त्याने आपण होऊन हात वर करून मागितल्यासारखं, हा त्यांचा धंदा. त्याला खणखणीत आवाज लागतो आणि न दमणारी जीभ लागते. निवृत्तीच्या दिवशी लिलावघराने हातोडा परत घेतला. आवाज आणि जीभ मात्र आबा घरी घेऊन आले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

घर धाकट्या मुलाचं. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा, तेही घरीच, खिडकीपाशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून. आबा मागून "एकवार!" म्हणाले की त्याच्या चिमट्यातला स्क्रू उडायचा, "दोनवार"ला तो टेबलाखाली जायचा आणि "तीनवार"पर्यंत धाकटा स्वतः टेबलाखाली गेलेला असायचा. आबा हे मुद्दाम करत नसत. किटलीत उरलेल्या अर्ध्या कप चहाचासुद्धा त्यांच्या तोंडून आपोआप लिलाव व्हायचा.

शेवटी धाकट्याने थोरल्या भावाला फोन लावला. महिना संपला की आबांनी कायमचं थोरल्याकडे राहायला जायचं, असं दोघा भावांचं ठरलं. आबांनी ते दाराआडून ऐकलं. थोरल्याकडे तसं वाईट काही नव्हतं. घर मोठं होतं, खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. फक्त थोरली सून दिवाणखान्यात मौनाचे वर्ग चालवायची. सकाळ-संध्याकाळ माणसं यायची, चटया टाकायची आणि डोळे मिटून गप्प बसायची. मागे एकदा आबा तिथे आठवडाभर राहिले होते, आणि परत आल्यावर साठलेलं बोलून संपवायला त्यांना दुसरा आठवडा लागला होता. आता कायमचं जायचं म्हणजे गेल्यात जमा.

"मला नका पाठवू" असं ते सरळ म्हणू शकले असते. पण मांडून ठेवलेल्या वस्तूने स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातापाया पडायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आपला काही उपयोग दिसला तर ही माणसं आपल्याला ठेवून घेतील, एवढाच त्यांचा हिशोब. प्रश्न असा की बहात्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, बोलण्यापलीकडे काही येत नसताना, उपयोग दाखवायचा कसा?

तो उपयोग अझोल्याच्या रूपाने घरात आला.

धाकटी सून एका संशोधन संस्थेत अझोला वाढवायची. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा, नखाएवढा. त्याला कुणी शेवाळ म्हटलं की सूनबाईचं डोकं फिरायचं. शेवाळ होतं, पण ते त्याच्या पानांच्या पोकळीत भाडेकरू म्हणून राहायचं आणि भाडं म्हणून हवेतला नत्र पकडून द्यायचं. म्हणून या नेच्याला नत्राचं खत लागत नाही, उलट तोच शेताला खत म्हणून चालतो. सूनबाईने निवडून निवडून एक वाण तयार केला होता आणि त्यावर तिची सगळी भिस्त होती. तर संस्थेतल्या ज्या बंद कपाटात हा वाण वाढत होता ते थंड ठेवणारं यंत्र एका दुपारी मेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सुटा भाग परदेशातून येईल. सूनबाई उरलेलं हिरवं डब्यांत भरून टॅक्सीने घरी घेऊन आली.

"मागची खोली लागेल," ती म्हणाली. "एसी तिथेच आहे."

"तिथे आबा आहेत," धाकटा म्हणाला.

"असू देत. अझोला काही खात नाही त्यांना."

दोन दिवसांत मागच्या खोलीचा कायापालट झाला. भिंतीला लोखंडी मांडणी, मांडणीवर पांढरे ट्रे, ट्रेंवर दिवे. दिवे सकाळी सहाला आपोआप लागत आणि रात्री दहाला विझत. तापमान सव्वीसच्या वर नाही, खाली नाही. वाऱ्याने नेच्याचे तुकडे पडतात म्हणून पंखा बंद. दमटपणा टिकावा म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी आणि दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. या सगळ्याच्या मध्ये आबांची खाट आणि खाटेवर आबा.

"आबा, तापमापकावर लक्ष ठेवाल का जरा? आणि दार उगाच उघडू नका," सूनबाई म्हणाली.

बस्स. आबांना एवढंच हवं होतं. त्यांनी तापमापक असा धरला की जणू घराण्याचा हिरा. संडास-बाथरूम आणि जेवण सोडलं तर ते खोलीबाहेर पडेनात. धाकट्याला स्वर्ग दोन बोटं उरला. बंद दारामागून आबांचा आवाज आता दुसऱ्या गल्लीतून आल्यासारखा यायचा, आणि घड्याळांचे स्क्रू जागच्या जागी बसायचे.

आत आबा ट्रेंशी बोलत होते. दुसरं करणार काय? लिलावघरातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी नेच्यांना सांगितल्या. त्या पियानोची, ज्यात विकल्यानंतर मांजरीची पिल्लं निघाली. त्या दोन बहिणींची, ज्यांनी एकाच आरशासाठी एकमेकींवर बोली चढवत नेली आणि मग आरसा दोघींनीही नेला नाही. मधूनमधून ते ट्रेच पुकारायचे. "कोपऱ्यातला ट्रे बघा, भरगच्च, ताजा, डाग नाही! कोण म्हणतं पहिली बोली?" कुणी काही म्हणत नसे, पण कुणी उठूनही जात नसे. असा श्रोता आबांना आयुष्यात मिळाला नव्हता. एवढंच की खोलीत जरा जड वाटायचं, जांभया यायच्या, आणि दिवसातून तीनदा त्यांचा डोळा लागायचा. दिव्यांच्या झगझगाटात ते चेहऱ्यावर टॉवेल टाकून घोरायचे.

आणि अझोला असा काही फोफावला की सूनबाईने आधी वजनकाट्यावर अविश्वास दाखवला, मग स्वतःवर. तिने टिपकागदावर नेचे निथळून पुन्हा पुन्हा मोजले. वाढ संस्थेतल्यापेक्षा दीडपट. पाणी तेच, क्षार तेच, दिवे तेच.

"काय केलंत आबा तुम्ही?"

आबांनी पाय लांब केले. संधी कशी ओळखायची हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. "बोलतो मी त्यांच्याशी."

"आबा, वनस्पतींना कान नसतात."

"गिऱ्हाइकांना तरी कुठे असतात?" आबा म्हणाले. "तरी मी चाळीस वर्षं धंदा केलाच ना?"

सूनबाई हसली. आबांनी ते हसणं होकारात धरलं आणि संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की आबांच्या बोलण्याने झाडं वाढतात. शेजारची शिंपीण आपला मरायला टेकलेला गुलाब घेऊन आली. खालचा न्हावी एक निवडुंग घेऊन आला, ज्याला तसं काहीच झालं नव्हतं. आबांनी जिन्यात बसून दोघांचा दणक्यात लिलाव पुकारला. निवडुंग होता तसाच राहिला, त्यामुळे न्हावी खूश. गुलाब चौथ्या दिवशी गेला. "त्याला बोलीच लागली नाही, मी काय करू?" आबांनी हात झटकले.

ही गंमत संस्थेपर्यंत पोचली नसती तर बरं झालं असतं. संचालकबाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं. कपाट दुरुस्त झालं होतं. घरचे काही ट्रे संस्थेत आले होते, आणि तिथे त्यांची वाढ पुन्हा पहिल्यासारखीच, गोगलगायीच्या चालीने. "घरी दीडपट, इथे नाही. याचा अर्थ मी काय घ्यायचा?" संचालकबाई म्हणाल्या. "न निथळता, पाण्यासकट वजन केलंत की सासऱ्यांनी भाषण केलं?" कारण सांगा, नाहीतर हा वाण बंद आणि तुमच्या नावापुढे कायमचं प्रश्नचिन्ह, असा एकूण मामला होता.

सूनबाई घरी आली ती चेहरा पाडूनच. आबांना तिचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच वेळी त्यांच्या मनात एक दिवाही लागला. सूनबाईला कारण हवंय, आणि कारण तर आपणच आहोत! हे एकदा कागदावर सिद्ध झालं की कुणाची छाती आहे आपल्याला मौनाच्या चटईवर नेऊन बसवायची?

"परीक्षा घे," ते म्हणाले. "माझ्या बोलण्याची."

सूनबाईने कपाळाला हात लावला. पण तिच्यापुढे दुसरं काही नव्हतं, आणि ती शास्त्रज्ञ होती. "ठीक आहे. एक आठवडा तुम्ही या खोलीतच राहायचं, नेहमीसारखं. पण एक शब्द बोलायचा नाही. वाढ घटली तर तुमचं म्हणणं मी मान्य करीन, संचालकबाईंसमोर मान्य करीन."

आबांनी तो आठवडा कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हातवारे सुरू केले. जेवताना मीठ हवं असलं की ते लिलावातल्यासारखं बोट वर करायचे, आणि धाकटा चुकून समोरची बरणी पुढे करायचा. एकदा शिंक आली तेव्हा त्यांनी नाक दाबून ती परतवली, आणि डोळ्यांतून पाणी काढत सूनबाईकडे असं पाहिलं की याची नोंद घे. घर शांत झालं होतं. इतकं शांत, की धाकट्याच्या टेबलावरची सगळी घड्याळं वेगवेगळी टिकटिकताना ऐकू यायची, आणि सूनबाई दोनदा दार ढकलून बघून गेली की आबा ठीक आहेत ना.

आठवडा संपला. टिपकागद आला, वजनकाटा आला. आबा खाटेवर मांडी घालून बसले होते, नापास होण्यासाठी इतकं जीव तोडून कुणी परीक्षा दिली नसेल. वाढ घटायला हवी होती.

वाढ तेवढीच होती. तसूभरही कमी नाही.

"बोलण्याचा काही संबंध नाही, आबा," सूनबाई म्हणाली. तिलाही ते सांगताना जड गेलं.

आबांना वाईट वाटलं, आणि ते दडवण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर भाकरी मिळवली ती असली-नसली सारखीच, हे नखाएवढ्या नेच्याने सांगावं? महिना संपायला थोडे दिवस होते, तरी त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. दुसऱ्या दिवशी थोरला गाडी घेऊन आला. गाडीत आबा काही बोलले नाहीत, तेव्हा थोरल्याला वाटलं की बायकोच्या वर्गाची कीर्ती आबांपर्यंत आधीच पोचलेली दिसते.

आबा गेले आणि मागच्या खोलीतला अझोला मंदावला.

ही बातमी आबांना फोनवर कळली. फोन सूनबाईचा, आणि ती इतक्या भरभर बोलत होती की आबांना मध्ये शिरायला जागा मिळेना. "आबा, तुमचा श्वास! बोलणं नाही, श्वास! मी मूर्ख, मी खोलीच्या फटी बंद केल्या, टॉवेल लावला आणि आत एक माणूस ठेवला. दिवसभर श्वास सोडणारा. खोलीत कार्बन डायऑक्साइड किती साठला असेल! झाडं त्यावरच तर वाढतात. म्हणून तुम्हाला जांभया यायच्या. तापमान मोजलं, पाणी मोजलं, प्रकाश मोजला, आणि तुम्हाला मोजायचं राहिलं!"

"म्हणजे... मीच?"

"तुम्हीच!"

फोन ठेवल्यावर आबा चटयांच्या मधून राजासारखे फिरले. आता बोलावणं येणार, आज नाहीतर उद्या. आपण लगेच हो म्हणायचं नाही, त्यांनी ठरवलं. भाव खायचा. जेवणाच्या टेबलावर बोलण्याची मुभा, ही पहिली अट. संध्याकाळी जिन्यात बसण्याची मुभा, ही दुसरी. त्यांनी बॅग पुन्हा भरली आणि ते वाट पाहू लागले.

बोलावणं आलं नाही. चार-पाच दिवसांनी धाकट्याचा फोन आला, सहज, चौकशीचा. बोलता बोलता तो म्हणाला, खात्री करायला सूनबाईने त्यालाच घड्याळांसकट मागच्या खोलीत कोंडलं होतं. तोही बसून बसून पेंगला, आणि अझोला पुन्हा वाढला. मग संस्थेने कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर दिला. "नळी सोडली की काम झालं, आबा. आता कुणी बसायची गरजच नाही."

"छान," आबा म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी बॅगेतले सदरे एकेक करून परत कपाटात लावले. सिलेंडर. पोलादी, मुका, गुडघे न दुखणारा. लिलावात त्याच्याशेजारी आपल्याला मांडलं असतं तर आपण स्वतःच त्याची बोली चढवली असती, असं त्यांना वाटलं. त्यानंतर ते वर्गात मागच्या चटईवर बसू लागले. डोळे मिटले की निदान कुणाला दिसत नाही आपण कसे आहोत ते.

अशाच एका सकाळी, वर्ग ऐन रंगात असताना, म्हणजे कुणीच काही करत नसताना, दार हळूच उघडलं. सूनबाई चपला हातात घेऊन आत आली आणि आबांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, चला घरी," ती कुजबुजली.

आबांनी एक डोळा उघडला. कुजबुजणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. चाळीस वर्षं शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलण्याची सवय, त्यांची कुजबुजसुद्धा भिंतीवर आपटून परत आली. "सिलेंडर बिघडला वाटतं?"

"नाही. छान चाललाय."

"मग संचालकबाईंना पटलं नाही?"

"पटलं. सगळे ट्रे काल संस्थेत नेले. वाण चालू राहणार आहे. मागची खोली रिकामी आहे."

"मग आता मी कशाला?" आबा म्हणाले. "काम होतं तेव्हा नाही बोलावलंस. मी बॅग भरून बसलो होतो, पोरी. आता तिथे माझ्या श्वासाचंही काही अडलेलं नाही."

चटयांवरची माणसं डोळे मिटून बसली होती, पण सगळ्यांच्या माना किंचित मागे वळल्या होत्या.

"म्हणूनच थांबले," सूनबाई म्हणाली. तीही आता कुजबुजायचं विसरली. "यांना खोलीत कोंडलं, सिलेंडरची भीक मागितली, पण तुम्हाला फोन केला नाही. हात कितीदा फोनपाशी गेला माझा. त्या ट्रेंसाठी तुम्हाला नेलं असतं ना, तर तुम्ही जन्मभर असंच समजला असता की मला तुमचा श्वास हवा होता. ट्रे गेले, आज खोलीत तुमचा काडीचाही उपयोग नाही. आता चला."

पहिली अट, दुसरी अट, सगळं आबांच्या जिभेच्या टोकावर होतं.

"पण तो?" त्यांनी विचारलं. "धाकटा? त्याला विचारलंस?"

"त्यांनी स्वतः टेबल उचलून पुढच्या खोलीत नेलंय, दाराला रबराची पट्टी ठोकलीय. तुमच्याशी बोलणं माझ्याकडे सोपवलंय. मला ऐकायला आवडतं असं नाही हं, आबा. कधी कधी डोकं उठतं. पण त्या गप्प आठवड्यात मला घरात पाऊल ठेववेना."

पुढच्या चटईवरच्या एका बाईने नाक ओढलं. तिच्या शेजारचा टक्कल असलेला गृहस्थ डोळे न उघडता म्हणाला, "अहो आजोबा, जा की! किती विचार करता!"

"शू:!" असं कुणीतरी म्हणेल म्हणून सगळ्यांनी थोरल्या सुनेकडे कान लावले. ती समोर पाठ ताठ करून, डोळे मिटून, चेहऱ्यावर अथांग शांती घेऊन बसली होती. ओठ तेवढे हलले. "कपडे मी भरून देते, आबा," ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतील."

तिला तीनच लागली. आबा टक्कलवाल्या गृहस्थाचा खांदा धरून उठले, गुडघे कडाकडा वाजले, आणि दारात चपला घालता घालताच त्यांनी त्या पियानोतल्या मांजरीच्या पिल्लांची गोष्ट सुरू केली. सूनबाईने बॅग उचलली आणि विचारलं, "किती पिल्लं होती?" फाटक उघडल्याचा आवाज झाला, लागल्याचा झाला, आणि वर्गातल्या कुणीही डोळे उघडले नाहीत, कारण आबा रस्त्याच्या वळणापर्यंत स्पष्ट ऐकू येत होते आणि पिल्लं विकत घेणारी बाई अजून यायची होती.